चंदीगडचे पाषाणोद्यान

नवे शहर वसवावयाचे म्हणजे आधी काहीतरी मोडावे लागते. उभी शेते मोडतात, विहिरी बुजतात, गावांच्या वेशी पुसल्या जातात. आणि जे मोडले त्याचा राडारोडा गाड्यांत भरून कोठेतरी नजरेआड नेऊन टाकला जातो. पुढे शहर उभे राहते, त्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, त्याच्या आराखड्यांवर ग्रंथ लिहिले जातात. त्या राड्यारोड्याचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. चंदीगड शहरात ही विचारपूस एका माणसाने केली. तो स्थापत्यज्ञ नव्हता, शिल्पकार नव्हता, की मोठा अधिकारीही नव्हता. सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक एवढाच त्याचा हुद्दा. त्याने त्या टाकून दिलेल्या वस्तूंचे एक उद्यान उभारले, आणि आज चंदीगडला जाणारा प्रवासी जगप्रसिद्ध स्थापत्यकाराने बांधलेल्या इमारती पाहण्याआधी बहुधा ते उद्यानच पाहून येतो.

या उद्यानास सर्वजण ‘रॉक गार्डन’ या नावाने ओळखतात. नावावरून मात्र थोडा गैरसमज होण्याचा संभव आहे. बागकामाच्या परिभाषेत रॉक गार्डन म्हणजे दगडांच्या कपारींतून लहान लहान पहाडी रोपे लावून केलेली बाग. जपानात वाळू आणि शिळा यांचीच उद्याने असतात. क्योतो येथील र्‍योआन्-जी मंदिराच्या उद्यानात पांढऱ्या खडीच्या अंगणात पंधरा शिळा अशा मांडल्या आहेत की, कोठेही बसले तरी एखादी शिळा दृष्टीआड राहतेच. चंदीगडचे उद्यान या दोन्ही जातींचे नव्हे. येथे फुलांचे ताटवे नाहीत, आणि ध्यानस्थ शांतताही नाही. येथे आहेत अरुंद वाटा, ठेंगण्या कमानी, एकापुढे एक उलगडत जाणारी अंगणे, उंचावरून कोसळणारे पाणी, आणि त्या साऱ्यांमधून रांगा करून उभी असलेली हजारो माणसे, माकडे, अस्वले, पक्षी व घोडे. ही सारी प्रजा फुटक्या कपबश्यांची, बांगड्यांच्या काचांची आणि मोडक्या सायकलींची बनलेली आहे.

हे उद्यान कसे झाले हे समजण्यासाठी प्रथम शहराची हकीकत थोडक्यात ध्यानी घ्यावी लागेल. १९४७ साली पंजाबची फाळणी झाली आणि लाहोर पाकिस्तानात गेले. भारतात राहिलेल्या पंजाबास राजधानी उरली नाही. तेव्हा शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवी राजधानी बांधण्याचे ठरले. प्रारंभीचा आराखडा अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५० साली नोविकी विमान अपघातात मृत्यू पावले, आणि पुढे हे काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. पिएर जानेरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे त्यांचे सहकारी. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगराचे उद्घाटन झाले. लांबरुंद आयताकृती विभाग, प्रत्येकास क्रमांक, रस्त्यांच्या सात ठरीव प्रती, आणि माथ्यावर सचिवालय, विधानसभा व उच्च न्यायालय यांचा भव्य परिसर अशी या शहराची मांडणी आहे. सारे काही आधी कागदावर आखलेले. त्या आखणीला तडा जाऊ नये म्हणून ल कॉर्ब्युझिए यांनी पुढील पिढ्यांसाठी एक नगराज्ञाही लिहून ठेवली. चंदीगडच्या बागांत वा रस्त्यांवर व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत, असे तीत एक कलम आहे. ज्या शहराच्या जाहीरनाम्यातच पुतळ्यांना मज्जाव, त्याच शहराच्या माथ्यापाशी पुढे हजारो पुतळ्यांचे नगर वसावे, हा योगायोग खचितच गमतीचा आहे.

नेकचंद सैनी यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ रोजी शकरगढ तहसिलीतील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. हा भाग आज पाकिस्तानात आहे. फाळणीच्या वेळी त्यांच्या कुटुंबासही गाव सोडून यावे लागले. १९५१ साली नेकचंदांना चंदीगडच्या कामावर रस्ते निरीक्षकाची नोकरी मिळाली. खडी किती पडली, डांबराची पिंपे किती रिकामी झाली, मजूर किती हजर होते याची मोजदाद ठेवणे हे अशा नोकराचे काम. शहराच्या आखणीत त्याचा विचार कोणी घेत नाही. पण शहर ज्या वस्तूंचे बनते त्या वस्तू रोज त्याच्या डोळ्यांखालून जातात. शिवाय काय आले हे त्याला जसे ठाऊक असते, तसेच काय वाया गेले हेही.

चंदीगडच्या जागेवर पूर्वी अनेक खेडी होती. ती उठविण्यात आली. घरांच्या भिंती पाडल्या गेल्या आणि त्यांच्या मातीत लोकांच्या संसाराच्या खुणा मिसळून गेल्या. फुटकी मडकी, बांगड्यांचे तुकडे, तुटलेली भांडी यांना आता वाली उरला नव्हता. ज्याने नुकतेच स्वतःचे गाव गमावले होते, त्याची दृष्टी या ढिगांवर खिळून राहावी यात नवल नाही. १९५८ च्या सुमारास नेकचंदांनी वस्तू गोळा करावयास सुरुवात केली. नोकरीची वेळ संपली की सायकल घेऊन निघावयाचे, ढिगाऱ्यांतून हवे ते वेचावयाचे, आणि शिवालिकच्या पायथ्याच्या ओढ्यांतून पाण्याने घासून निघालेले चित्रविचित्र आकारांचे दगड सायकलीवर लादून आणावयाचे, असा त्यांचा क्रम होता. कोणत्या दगडात त्यांना पक्षी दिसे, कोणत्यात बसलेला माणूस, कोणत्यात एखादी देवता. बालपणी आईच्या तोंडून ऐकलेल्या राजाराण्यांच्या कथा त्यांच्या मनात होत्या. त्या कथांतील राज्य या दगडांच्या रूपाने त्यांच्यासमोर हळूहळू जमू लागले. केवळ जमविण्यातच सुमारे सात वर्षे गेली.

जमविलेले ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न होताच. सुखना तलाव आणि राजधानीचा परिसर यांच्या दरम्यान झाडाझुडपांनी भरलेली घळीची जमीन होती. ती राखीव होती. तेथे बांधकामास बंदी होती. साहजिकच तिकडे कोणी फिरकत नसे. नेकचंदांनी तेथे थोडी जागा साफ केली आणि १९६५ च्या सुमारास प्रत्यक्ष बांधणीस प्रारंभ केला. ल कॉर्ब्युझिए यांचे निधन झाले तेही याच वर्षी. नेकचंदांचे काम चाले ते बहुतांशी रात्री. दिव्याची सोय नव्हती. जुने टायर जाळून त्यांच्या उजेडात मूर्ती घडत. जमीन सरकारची, निरीक्षकही सरकारचा नोकर. कोणी पाहिले असते तर नोकरी जाण्यापलीकडेही प्रसंग ओढवला असता. तरीही वर्षामागून वर्षे हा उद्योग चालू राहिला, आणि बारा एकरांच्या आसपास विस्तार झाला तोवर शहरास त्याचा पत्ता नव्हता.

या मूर्ती घडविण्याची रीत अगदी साधी होती, आणि ती शहराच्या बांधकामातूनच उचललेली होती. आधी सांगाडा. त्यासाठी लोखंडी सळ्यांचे तुकडे, तारा, किंवा मोडक्या सायकलींचे भाग वापरावयाचे. सायकलीचा पुढचा चिमटा उलटा रोवला की दोन पाय तयार होतात. बैठक बसविली की जनावराचे तोंड होते. त्या सांगाड्यावर सिमेंट आणि वाळू यांचा गिलावा चढवून शरीर घडवावयाचे. वरचा थर ओला असतानाच त्यात काचेचे, चिनी मातीचे वा बांगड्यांचे तुकडे दाबून बसवावयाचे, की मूर्तीस वस्त्र मिळाले. विटांच्या भट्टीत अधिक आच लागून वितळलेल्या, वेड्यावाकड्या विटा आणि ओतशाळेतील मळी कोणी फुकटही नेत नाही. नेकचंदांनी त्यांतून खडकाळ पोताच्या आकृती उभ्या केल्या. विजेच्या कामातील पांढऱ्या चिनी मातीच्या टाकाऊ बैठका एकीवर एक लावून सबंध भिंती मढविल्या. डांबराची रिकामी पिंपे उभी रचून तट बांधले. पावसात भिजून पोत्यातच दगड झालेले सिमेंट भिंतीत चिणले.

या शेवटच्या गोष्टीपाशी क्षणभर थांबणे योग्य होईल. ल कॉर्ब्युझिए यांच्या इमारती काँक्रीटच्या आहेत, आणि ते काँक्रीट त्यांनी मुद्दाम उघडे ठेवले आहे. साच्याच्या फळ्यांच्या रेषा त्याच्या पृष्ठभागावर तशाच उमटलेल्या दिसतात. नेकचंदांच्या भिंतींतील गोणपाटाची वीणही सिमेंटवर तशीच उमटलेली दिसते. पदार्थ एकच, आणि त्याच्या जन्माची खूण पुसावयाची नाही ही वृत्तीही एकच. परंतु एकाच्या हाती त्या पदार्थाचा मोठा भाग होता आणि दुसऱ्याच्या हाती उरलेले. राजधानीच्या परिसरात माणूस चालू लागला की त्याच्याभोवती विस्तीर्ण मोकळी जागा पसरते आणि तो लहान होत जातो. रॉक गार्डनमध्ये वाट इतकी वळते की पुढे काय आहे हे समजत नाही, आणि दारे इतकी ठेंगणी आहेत की मोठ्या माणसास वाकूनच आत जावे लागते. मुले मात्र ताठ मानेने जातात. राजाच्या दरबारात वा देवाच्या गाभाऱ्यात जाताना मान लववावी लागते तसाच हा प्रकार आहे. चंदीगडचे सरळ, रुंद आणि एका दृष्टिक्षेपात आवाक्यात येणारे रस्ते चालून आलेल्या नागरिकास येथे प्रथमच आडवळणाचा आनंद मिळतो.

उद्यान या कल्पनेचे मर्मही येथेच सापडते. बाग म्हणजे केवळ झाडे नव्हेत. बागेत गेल्यावर वाट दाखविली जाते आणि लपविलीही जाते. सावलीतून उजेडात आणि उजेडातून सावलीत नेले जाते. पाण्याचा आवाज आधी येतो आणि पाणी मागाहून दिसते. चंदीगडपासून जवळच, पिंजोर येथे मोगल अमदानीतील उद्यान आहे. तेथे पाणी एका सज्ज्यावरून खालच्या सज्ज्यावर उतरत जाते. नेकचंदांच्या उद्यानातही घळीच्या काठांवरून धबधबे उतरतात, त्यांवर पूल आहेत, वर टेकडीवर लहानशा घरांचे खेडे आहे, आणि भिंतींवरून सिमेंटची मुळे व खोडे अशी खाली आली आहेत की खरे झाड कोणते आणि घडविलेले कोणते, हे प्रथमदर्शनी ओळखू येत नाही. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरतात, आरशाच्या काचेचे तळे करतात आणि मातीचे मावळे मांडतात. त्या खेळातला उत्साह बारा एकरांवर पसरला आणि पन्नास वर्षे टिकला, अशी कल्पना केली तर मराठी माणसास या उद्यानाची जात चटकन ओळखता येईल.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या कानी गेली. शासनापुढे जो पेच आला तो वाटतो तितका सोपा नव्हता. राखीव जमिनीवर, परवानगीवाचून, खात्याच्याच नोकराने केलेले हे बांधकाम होते. नियमाप्रमाणे ते पाडावयास हवे होते, आणि नोकरावर कारवाई करावयास हवी होती. तसे केले असते तर कोणालाही दोष देता आला नसता. पण ज्यांनी प्रत्यक्ष जाऊन ते पाहिले त्यांची मने पालटली. चंदीगडच्या वृक्षराजीची व बागांची आखणी ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते वनस्पतिशास्त्रज्ञ प्रशासक डॉ. महिंदरसिंग रंधावा यांनी या उद्यानाची बाजू उचलून धरली. शहरातील नागरिकांची रीघ लागली. अखेरीस प्रशासनाने ते पाडण्याऐवजी आपलेसे केले. २४ जानेवारी १९७६ रोजी रॉक गार्डन लोकांसाठी रीतसर खुले झाले. नेकचंदांना रस्त्यांच्या कामातून मोकळे करून ‘उपविभागीय अभियंता, रॉक गार्डन’ असे पद देण्यात आले. पगार चालू राहिला, आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले. ज्या गुन्ह्याबद्दल शिक्षा व्हावयाची, तोच उद्योग करण्यासाठी स्वतंत्र पद निर्माण व्हावे, अशी उदाहरणे सरकारी दप्तरात फार सापडावयाची नाहीत.

यानंतरच्या काळात उद्यान वेगाने वाढले. टाकाऊ वस्तू आणण्यासाठी शहरात ठिकठिकाणी केंद्रे उघडण्यात आली. हॉटेलांतील फुटक्या बशा, कारखान्यांतील टाकाऊ माल, शिंप्यांकडील चिंध्या असे सारे तेथे येऊ लागले. धबधबे, पूल व छोटे खेडे यांचा दुसरा टप्पा १९८३ च्या सुमारास पुरा झाला. तिसऱ्या टप्प्यात उंच कमानींना टांगलेले झोपाळे, मोकळे रंगमंडप आणि मोठी पटांगणे आली. क्षेत्र पंचवीस एकरांच्या घरात गेले. पूर्वीच्या अरुंद वाटांत जी गूढता होती ती या मोकळ्या जागेत थोडी विरळ झाली, असे काही रसिकांस वाटते, आणि त्यात तथ्य आहे. मात्र मोठमोठी माणसेही त्या झोपाळ्यांवर बसून झोके घेतात, हे दृश्य पाहिल्यावर त्या टीकेची धार कमी होते.

मानसन्मानही लाभले. १९८३ साली भारतीय टपाल खात्याने या उद्यानाचे तिकीट काढले. १९८४ साली नेकचंदांना ‘पद्मश्री’ देण्यात आली. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील मुलांच्या संग्रहालयासाठी त्यांनी असेच एक लहान उद्यान उभारले, ते १९८६ साली खुले झाले. पुढे ते मोडण्यात आले आणि तेथील मूर्ती निरनिराळ्या संग्रहालयांत गेल्या. परदेशात अशा कलेची दखल पूर्वीच घेतली गेली होती. फ्रान्समधील ओतरीव या खेड्यात फेर्दिनां शेवाल नावाच्या टपालवाल्याने १८७९ पासून १९१२ पर्यंत, तेहतीस वर्षे, वाटेत वेचलेल्या दगडांचा एक महाल बांधला. १९६९ साली फ्रेंच शासनाने तो संरक्षित वास्तू म्हणून जाहीर केला. अमेरिकेत लॉस एंजलिसच्या वॉट्स वस्तीत सायमन रोडिया या मजुराने १९२१ ते १९५४ या काळात लोखंड, सिमेंट आणि फुटक्या चिनी मातीचे उंच मनोरे उभारले. ते धोक्याचे आहेत म्हणून पाडण्याचा हुकूम निघाला; पण १९५९ साली त्यांना यंत्राने ओढ देऊन परीक्षा घेतली तेव्हा मनोरे हलले नाहीत, यंत्रच हार खाऊन बसले. शेवाल, रोडिया आणि नेकचंद यांना एकमेकांचे अनुकरण करण्याचे कारण नव्हते. कामाच्या वाटेवर जे पायाखाली आले ते त्यांनी उचलले, एवढाच तिघांतील समान धागा. फरक आहे तो नेकचंदांच्या बाबतीत: त्यांचे काम त्यांच्या हयातीत, आणि त्यांच्याच हातून, शासनाच्या आश्रयाने पुरे झाले.

परंतु शासनाचा आश्रय ही कायमची हमी नव्हे, हेही याच उद्यानाने दाखवून दिले. उद्यान उच्च न्यायालयाला लागून आहे. न्यायालयाचा कारभार वाढला, मोटारी वाढल्या, आणि रस्त्यासाठी व वाहनतळासाठी जागा अपुरी पडू लागली. १९९० साली रस्ता काढण्यासाठी उद्यानाचा काही भाग पाडण्याकरिता यंत्रे आणली गेली, तेव्हा नागरिक हातात हात गुंफून त्यांच्यापुढे उभे राहिले आणि यंत्रांना परतावे लागले. १९९६ साली नेकचंद परदेशी गेले असताना उद्यानावरील नोकरवर्ग काढून घेण्यात आला, आणि त्या अवधीत समाजकंटकांनी मूर्तींची बरीच मोडतोड केली. १९९७ साली परदेशातील चाहत्यांनी ‘नेकचंद फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. तिच्या स्वयंसेवकांनी येऊन दुरुस्तीच्या कामास हात लावला. १२ जून २०१५ रोजी नेकचंद वारले. पुढल्याच वर्षी, २०१६ साली, शेजारच्या राजधानी परिसरास ल कॉर्ब्युझिए यांच्या इतर कृतींबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. रॉक गार्डन त्या यादीत नाही. २०२५ च्या आरंभी न्यायालयाकडील रस्ता रुंद करण्यासाठी आणि वाहनतळासाठी उद्यानाच्या बाहेरील भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. नागरिकांनी निषेध केला. पण या खेपेस भिंत वाचली नाही.

या साऱ्या इतिहासातून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ कलेचा नाही, राज्यकारभाराचाही आहे. नियम मोडून झालेली चांगली गोष्ट शासनाने कशी वागवावी? एकाचे अतिक्रमण सुंदर आहे म्हणून पत्करले, तर दुसऱ्याचे केवळ गरजेपोटी झालेले अतिक्रमण कोणत्या तोंडाने पाडावयाचे? चंदीगडात हा प्रश्न कल्पनेतला नाही. हे शहर ज्या मजुरांनी बांधले त्यांच्यासाठी मूळ आराखड्यात घरे पुरेशी नव्हती. त्यांच्या वस्त्या शहराच्या कडेकडेने वाढल्या आणि एकेक करून हटविल्या गेल्या. कॉलनी क्रमांक ५ ही २०१३ साली हटविली गेली आणि कॉलनी क्रमांक ४ ही २०२२ साली, तीही मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, म्हणजे कामगार दिनी. मूर्तींना अभय मिळाले, झोपड्यांना मिळाले नाही. पुष्कळांना पर्यायी घरे देण्यात आली हे खरे. सर्वांना मिळाली असे म्हणता येत नाही. रॉक गार्डनचे कौतुक करताना ही बाजू विसरता येणार नाही.

तरीही १९७६ चा निर्णय चुकीचा होता असे यातून निघत नाही. त्या निर्णयात नियमाची उपेक्षा नव्हती. नियम कशासाठी आहे याचा विचार होता. ती जमीन राखून ठेवली होती ती शहराच्या माथ्यावर गर्दी होऊ नये, झाडे राहावीत आणि सर्वांना मोकळा श्वास घेता यावा म्हणून. नेकचंदांनी तेथे घर बांधले नाही, दुकान थाटले नाही, जमीन विकली नाही. घळीचा आकार त्यांनी मोडला नाही. आपल्या वाटा त्या घळीतून नेल्या. ज्या हेतूने बंदी घातली होती तो हेतू या उद्यानाने मोडला नाही, उलट साधला. असा भेद करण्यासाठी अधिकाऱ्याला कागदावरून उठून जागेवर जावे लागते आणि डोळ्यांनी पाहावे लागते. चंदीगडच्या अधिकाऱ्यांनी ते केले. जागेवर जाऊन पाहण्याचा हाच न्याय मजुरांच्या वस्त्यांनाही लाभावयास हवा होता, एवढाच त्याचा दुसरा अर्थ.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अलीकडे अनेक शहरांत भंगारातील लोखंडाचे प्राणी करून चौकाचौकांत बसविण्याची आणि त्यांभोवती विजेचे रंगीत दिवे लावण्याची पद्धत रूढ होत आहे. निविदा निघते, ठेका दिला जातो, उद्घाटन होते, आणि एक-दोन पावसाळ्यांत ती शिल्पे गंजू लागतात. टाकाऊ वस्तू वापरली एवढ्याने रॉक गार्डन होत नाही. तेथील प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी घरातला होता, हे वेचणाऱ्यास ठाऊक होते. बांगडी फुटली तेव्हा ती कोणाच्या तरी हातात होती. कपाचा कान मोडला तेव्हा त्यातून कोणीतरी चहा पीत होते. चंदीगड वसविताना जी खेडी उठली आणि फाळणीत जी गावे सुटली, त्यांची नावे राजधानीच्या भव्य इमारतींवर कोठेही कोरलेली नाहीत. त्यांच्या संसाराचे तुकडे मात्र या उद्यानातील बायकांच्या अंगावर आजही उन्हात चमकतात.

उद्यान आजही उघडे आहे आणि अल्प शुल्क देऊन कोणालाही आत जाता येते. सिमेंटला तडे जातात, काचा निखळतात, पावसाळ्यात शेवाळ चढते. दुरुस्ती हे तेथील नित्याचे काम आहे आणि ते करणारे कुशल हात तयार करणे ही आता प्रशासनाची जबाबदारी आहे. ज्याने हे राज्य वसविले तो गेला. प्रजा मात्र रांगा करून उभी आहे. तिच्यात राजे थोडे आणि पाणी भरणाऱ्या बाया, वाजंत्री, शिपाई, गुराखी हेच अधिक आहेत. पाडलेल्या भिंतीच्या जागी नवी भिंत बांधता येईल. पण रस्ता रुंद करण्याची गरज पुन्हा निर्माण होईल, आणि त्या वेळीही कोणास तरी कागदावरून उठून, त्या ठेंगण्या दारातून मान लववून, आत जाऊन पाहावे लागेल.